झाडातला ‘दुसरा पाऊस’ खोलीत आणायचाय – घड्याळ लावून, की बेभरवशाचा?

पागोळी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

पाऊस थांबलेला असतो. आपण छत्री मिटतो, झाडाखालून जायला लागतो आणि नेमकी एक झुळूक येते. पानांनी धरून ठेवलेलं पाणी एकदम डोक्यावर. पाच-सहा सेकंद टपटप टपटप, की पुन्हा सगळं चिडीचूप. आमच्या घरी याला ‘दुसरा पाऊस’ म्हणायचे.

एका छोट्या प्रदर्शनात मला तीन दिवसांसाठी एक अंधारी खोली मिळतेय. २० बाय १५ फूट, छत १० फुटांवर. तिथे मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) म्हणून हा एवढाच क्षण उभा करायचाय. खरं झाड नाही. छताखाली जाळी, जाळीला शंभरेक थेंब लटकलेले, खाली काळी ओली फरशी, एका बाजूने मंद उजेड. मधेच वारा येणार आणि थेंब पडणार.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. झुळूक दर दोन मिनिटांनी यावी, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल? की केव्हाही यावी, ज्याला मिळाली त्याला मिळाली? सोबत काम करणारा मित्र म्हणतो, “लोक आले आणि काहीच घडलं नाही, तर ते रिकाम्या खोलीचं प्रदर्शन.” मला वाटतं, वेळापत्रक लावलं की तो नळ झाला.

काय वाटतं?

वायफळ
‘इन्स्टॉलेशन’चा धागा आहे असं कुणीतरी सांगितलं म्हणून एसी बसवण्याबद्दल विचारायला आलो होतो. आलोच आहे तर बसतो.

ठोकळेबाज
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जी गोष्ट बाहेर फुकट मिळते ती पंप लावून खोलीत कशाला? त्यात क्षणभंगुर म्हणायचं आणि वर दर दोन मिनिटांनी दाखवायचं! अळवावरचं पाणी ते अळवावरच शोभतं.

काजवा
ठोकळेबाज आले, धागा आता शंभरी गाठणार.

तिरीप
ठोकळेबाज, ‘बाहेर फुकट मिळतं’ हे अर्धंच खरं आहे. ओलाफर एलियासन या कलाकाराचं १९९३ सालचं ‘ब्यूटी’ नावाचं काम घ्या. अंधारी खोली, वरून पडणारा बारीक तुषारांचा पडदा आणि एक दिवा. बस, एवढंच. तुम्ही पडद्याभोवती फिरता आणि एका जागी अचानक इंद्रधनुष्य उमटतं. एक पाऊल सरकलात की गेलं. शेजारचा विचारतो, “कुठंय?” आणि तुम्ही बोट दाखवून उपयोग नसतो, कारण त्याला वेगळीकडे दिसणार असतं.

बाहेर इंद्रधनुष्य दिसलं की आपण “ते बघ तिथे” म्हणतो. ते ‘तिथे’ नसतंच, हे मला पन्नास वेळा आभाळाकडे बघून कळलं नव्हतं. त्या खोलीत अर्ध्या मिनिटात कळलं. पंप लावायचा तो यासाठी.

चक्रम वैज्ञानिक
तिरीप यांच्याशी सहमत, थोडी भर घालतो. डोळ्यामागे दिवा (किंवा सूर्य) असेल तर त्याच्या बरोबर विरुद्ध दिशेपासून साधारण ४२ अंशांवर जे थेंब असतात, तेच तुम्हाला लाल रंग पाठवतात. निळा-जांभळा त्याच्या थोडा आत. प्रत्येक डोळ्याचा ४२ अंश वेगळा, म्हणून प्रत्येकाचं इंद्रधनुष्य वेगळं. काटेकोर बोलायचं तर तुमच्या उजव्या आणि डाव्या डोळ्याचंसुद्धा.

वायफळ
म्हणजे बायकोला “ते बघ इंद्रधनुष्य” म्हणालो आणि ती “मला नाही दिसत” म्हणाली, तर दोघंही बरोबर. तीस वर्षांचं भांडण मिटवलंत.

अवकाळी
पागोळीताई, तुमच्या मूळ प्रश्नावर माझा अनुभव.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या माळावर वॉल्टर डी मारियाचं ‘द लायटनिंग फील्ड’ आहे, १९७७ सालचं. स्टेनलेस स्टीलचे ४०० खांब, एका बाजूला एक मैल, दुसऱ्या बाजूला एक किलोमीटर अशा चौकटीत रोवलेले. गाडीने या, बघा, निघा असं चालत नाही. एका वेळी जास्तीत जास्त सहा माणसं, तिथल्या लाकडी खोपीत रात्रभर मुक्काम, आणि फोटो काढायला बंदी. नाव विजेचं, पण वीज पडेल याची हमी कुणीही देत नाही.

मी गेलो तेव्हा आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. दुपारी तर खांबसुद्धा नीट दिसेनात, डोक्यावरच्या उन्हात विरघळल्यासारखे. मनात म्हटलं, एवढं लांब येऊन फसलो. मग ऊन कलायला लागलं आणि एकेक खांब पेटत गेला. जेमतेम पाऊण तास. रात्री खोपीच्या ओट्यावर बसून आम्ही पाच अनोळखी माणसं उगाचच हळू आवाजात बोलत होतो. वीज आली नाही याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

तेव्हा माझं मत: बेभरवशाचाच ठेवा.

काजवा
अवकाळी, तुमच्याकडे रात्रभर होती हो! पागोळीच्या खोलीत माणूस चार मिनिटं थांबणार, त्यातलं एक मिनिट फोन बाहेर काढण्यात.

माझा अनुभव उलटा. ‘रेन रूम’ पाहिलीय, रँडम इंटरनॅशनल या गटाची, २०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात पहिल्यांदा मांडलेली. छतातून मुसळधार, आणि तुम्ही आत शिरलात की कॅमेरे तुम्हाला ओळखून तेवढ्या जागेपुरता पाऊस थांबवतात. हळू चाललं तर कोरडे, घाईत चाललं तर भिजता. रांगेत उभं राहून राहून पाय गेले. आतला पाऊस मात्र दर क्षणी हजर. मजा आली, खोटं नाही सांगत. पण बाहेर आल्यावर मला पावसाची आठवण नव्हती, स्वतःचीच होती. पाऊस मला घाबरतो, एवढंच डोक्यात राहिलं.

ठोकळेबाज
बघा! आमचंच म्हणणं काजवा सांगतेय.

काजवा
नाही हो काका. मी ‘त्या’ खोलीबद्दल बोलतेय. तुम्ही सगळ्याच खोल्यांना कुलूप लावताय.

नळजोड
कलेतलं कळत नाही, पाण्यातलं कळतं. पागोळी, तुमचे शंभर लटकते थेंब चालणार नाहीत. हिशेब करा. सलाइनच्या साध्या सेटमधून १ मिलीला २० थेंब पडतात, म्हणजे एक थेंब ०.०५ मिली, व्यास साधारण साडेचार मि.मी. पानावरून गळणारा टपोरा थेंब एवढाच असतो, त्यामुळे आकार जमेल. पण शंभर थेंब म्हणजे किती? ५ मिली. एक चमचा! तुमची झुळूक येईल आणि माणूस वर बघून विचारेल, कुठे गळतंय का?

झाडात पाणी जास्त मावतं. पानापानावर धरलेलं पाणी खालच्या जमिनीवर पसरलं तर १ मि.मी.च्या आसपास थर होईल असं धरा. खोलीभर कशाला, मधे २ मीटर बाय २ मीटरचंच ‘झाड’ करा. तेवढ्याला ४ लिटर लागतं. नळ्या आणि वाल्व यांच्या भानगडीत न पडता पातळ प्लास्टिकची पानं कापा, चार-पाच थरांत टांगा, वरून फवाऱ्याने भिजवा आणि एका छोट्या मोटरने जाळी हलवा. पाणी पानंच धरतील, पानंच सोडतील.

आणि या गोष्टी विसरू नका: मोटर १२ व्होल्टची घ्या, मुख्य लाइनवर ३० मिलीअँपचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवाच, फरशी गुळगुळीत नको. पाणी साठवून पुन्हा फिरवणार असाल तर रोज बदला. कोमट साठलेल्या पाण्यात लीजनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि फवाऱ्यातून श्वासात जातात. कला राहील बाजूला, लोक न्यूमोनियाने आडवे होतील.

पागोळी
नळजोड, दंडवत! एक चमचा… मी महिनाभर त्या शंभर थेंबांची चित्रं काढत बसले होते. :-(

पानांची कल्पना आवडली. करून बघते.

हिरवी चाफेकळी
एक सुचवू? मातीचा वास सोडा ना बारीकसा. मृद्गंध आला की माणूस आपोआप त्या क्षणात जातो.

चक्रम वैज्ञानिक
चाफेकळी, सूचना छान आहे पण या क्षणाला चुकीची. बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्या वासाला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. तो येतो कोरड्या जमिनीवर पहिले थेंब पडतात तेव्हा. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत वेगवान कॅमेऱ्यांनी ते टिपलंही: थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटला की खाली हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वास घेऊन सूक्ष्म तुषार उडतात. पागोळीचा पाऊस दुसरा आहे. माती केव्हाच चिंब झालेली. तिथे मृद्गंध सोडला तर जाणकार नाक म्हणेल, वेळ चुकली.

हिरवी चाफेकळी
जाणकार नाक! बरं, मागे घेते. पण ओल्या सालीचा वास तरी?

चक्रम वैज्ञानिक
तो चालेल.

संथ
नेहमीचा वाचनमात्र सदस्य. या धाग्यासाठी लॉगिन केलं.

जपानमधल्या तेशिमा बेटावर एक संग्रहालय आहे, ज्यात एकच कलाकृती आहे. रेई नाइतो यांचं काम, इमारत र्‍यूए निशिझावा यांची, २०१० साली उघडलं. आत खांब नाहीत, काँक्रीटचं एकसंध पातळ कवच, छताला दोन मोठी उघडी भोकं. फरशीला अगदी बारीक छिद्रं आणि त्यांतून पाण्याचे थेंब वर येतात. येतात, थबकतात, मग उताराला लागून पळत सुटतात, वाटेत दुसऱ्याला मिळतात.

पहिली पाच मिनिटं मला फक्त ओली फरशी दिसली. शेजारी एक आजोबा मांडी घालून बसले होते, म्हणून मीही बसलो. मग एक थेंब दिसला. मग तो कधी सुटणार याची वाट बघायला लागलो. बाहेर आलो तेव्हा दीड तास झाला होता. तिथे रोज, दिवसभर, काही ना काही घडतंच असतं, पण मोठं काहीच घडत नाही. वाट बघायला लावणारी गोष्ट छोटी असली तरी चालते. मात्र ती ‘आता घडेल’ असं वाटायला हवं. अंधारात नुसतं उभं राहणं म्हणजे वाट बघणं नव्हे.

म्हणून दोन झुळुकांच्या मधे खोली पूर्ण गप्प ठेवू नका. एखादा थेंब पडत राहू दे.

तिरीप
संथ, सुंदर प्रतिसाद. लिहीत जा हो.

अवकाळी
+१. ‘आता घडेल’ हे पटलं.

चक्रम वैज्ञानिक
बेभरवशाचा म्हणजे किती बेभरवशाचा, ते आकड्यात सांगतो. समजा झुळूक पूर्ण यदृच्छेने येते, सरासरी ७ मिनिटांना एक. माणूस ५ मिनिटं थांबला तर त्याला एकही झुळूक न मिळण्याची शक्यता ४९ टक्के. निम्मे लोक कोरडेच परत. २० मिनिटं थांबला तर ६ टक्क्यांच्या आत.

आणखी एक गंमत. खऱ्या यदृच्छेत झुळुका कधी लागोपाठ दोन येतात, कधी वीस मिनिटं पत्ता नसतो. लोकांना ते ‘बिघडलंय’ असं वाटतं.

वायफळ
थोडक्यात, आमच्या कार्यालयातला वायफाय.

धूमकेतू
फोटोचा मुद्दा कुणी काढला नाही अजून? बेर्नडनौट स्मिल्डे नावाचा डच कलाकार २०१० पासून रिकाम्या दालनांत ढग करतो. हवेत आधी पाणी फवारून ठेवायचं, मग धुराच्या यंत्रातून एक झोत. खोलीच्या मधोमध खराखुरा वाटणारा ढग काही सेकंद तरंगतो आणि विरतो. बहुतेक जगाने तो फक्त छायाचित्रात पाहिलाय.

ठोकळेबाज
मग ती फोटोग्राफी झाली. ढग कशाला म्हणायचं?

तिरीप
ठोकळेबाज, इथे मी चक्क तुमच्या बाजूने आहे. त्या फोटोतला ढग कधीच विरत नाही, म्हणून मला ते कमी भिडतं. त्यापेक्षा जपानी कलाकार फुजिको नाकाया. १९७० च्या ओसाका एक्स्पोमध्ये तिने एक अख्खा मंडप धुक्यात बुडवला. रसायन नाही, धूर नाही. अतिबारीक छिद्रांतून दाबाने सोडलेलं शुद्ध पाणी. तोट्या ती बसवते. पुढे धुकं कुठे जाईल, किती टिकेल, ते वारा ठरवतो. स्पेनमधल्या बिलबाओच्या गुगनहाइम संग्रहालयाबाहेर तिचं धुकं आजही उठतं. तिचे वडील उकिचिरो नाकाया भौतिकशास्त्रज्ञ होते. १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक त्यांनीच वाढवला. बाप हिमकण वाढवतो, लेक धुकं सोडते. घराणंच तसं.

धूमकेतू
आणि एलियासनचा बर्फ? ग्रीनलंडच्या समुद्रात तुटून तरंगणारे हिमखंड उचलून २०१५ मध्ये पॅरिसला, २०१८ मध्ये लंडनला रस्त्यावर ठेवले. लोक मिठ्या मारत होते, कान लावून ऐकत होते.

ठोकळेबाज
हवामानबदलावर बोलायला बर्फ जहाजातून शीतपेटीत घालून आणायचा. वा! आग लागलीय हे सांगायला काडी ओढून दाखवायची.

अवकाळी
काडी किती, वणवा किती, ते बघाल की नाही? आकडा वाचून कुणी रस्त्यात थांबलेलं तुम्ही पाहिलंय का?

काजवा
इथून पुढे सतरा प्रतिसाद हवामानावर जाणार. पागोळीचं झाड तसंच कोरडं. कृपया वेगळा धागा काढा.

संथ
पागोळी, एक राहिलं. तुमचा प्रश्न ‘घड्याळ की बेभरवसा’ असा आहे. तिसरा मार्ग आहे. स्पेन्सर फिंच हा अमेरिकन कलाकार क्षण मोजून आणतो. २००७ च्या मार्चमध्ये वॉल्डन तळ्याकाठी त्याने २ तास, २ मिनिटं, २ सेकंद वारा मोजला आणि दालनात पंख्यांचं कडं मांडून तोच वारा, त्याच दिशेने, त्याच वेगाने पुन्हा सोडला. त्याने काही ठरवलं नाही आणि फासेही टाकले नाहीत. त्या दिवशी जे झालं ते झालं.

तुम्हीही पाऊस थांबला की एका झाडाखाली बसून झुळुका का मोजत नाही?

नळजोड
हे भारी. कंट्रोलरला वेळांची यादी भरवणं दहा मिनिटांचं काम आहे. मी लिहून देतो.

पागोळी
(आठ दिवसांनी.)

मंडळी, मोजलं. पाऊस थांबल्या थांबल्या एका झाडाखाली माइक लावून बसले, एक तास दहा मिनिटं. सोबत छत्री, वही आणि अपार चिकटपणा.

नऊ झुळुका मिळाल्या. पहिल्या चार वीस मिनिटांत. मग एकदम तेरा मिनिटांचा खंड, त्यात दोनदा उठून जावंसं वाटलं. पण मला हादरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. पहिली झुळूक आली तेव्हा वहीचं पान भिजलं. पाचव्या झुळुकीला पंधरा-वीस थेंब. आठवी जोरदार होती, फांद्या चांगल्या हलल्या, आणि खाली काही म्हणजे काही पडलं नाही. झाड रिकामं झालं होतं! इतकी वर्षं मी ‘दुसरा पाऊस’ म्हणत आले आणि तो संपतो हे कधी लक्षातच आलं नाही, कारण तोवर मी पुढे निघून गेलेली असायचे.

घरी येऊन नळजोडच्या सांगण्याप्रमाणे केलेली पानं भिजवून हलवली. तिथेही तेच. पहिल्यांदा धबाधब, चौथ्यांदा चार थेंब. मी चिडून पुन्हा फवारा मारणार होते, मित्र म्हणाला, “थांब, हेच तर झाडाने केलं.”

आता असं ठरलंय. दार दर दीड तासाने एकदा बंद होईल, पानं भिजवू, दार उघडू. मग एक तास दहा मिनिटं त्या दिवशीच्या नऊ झुळुका, त्याच अंतराने. मधे पाणी भरणार नाही. पहिल्या पाच मिनिटांत आलेल्याला पाऊस मिळेल, शेवटी आलेल्याला नुसती हलणारी जाळी आणि खाली ओली फरशी. आधी येऊन गेलेला कुणी दारात भेटला तर त्याला विचारावं लागेल की काय झालं होतं.

तिरीप
आठवी झुळूक मला बघायचीय.

काजवा
पण दारावर लिहिणार ना, पाऊस कधी भरला ते? नाहीतर शेवटी आलेले चिडतील.

पागोळी
काजवा, यावर दोन दिवस वाद चाललाय. मित्र म्हणतो लिही, मी म्हणते नको. सध्या तडजोड अशी की ‘पाऊस ११ वाजून ४० मिनिटांनी थांबला’ एवढंच लिहायचं. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.

चक्रम वैज्ञानिक
बाष्पीभवनाचा एक मुद्दा. बंद खोलीत दिव्यांमुळे पानं झाडापेक्षा लवकर किंवा उशिरा सुकतील. आर्द्रता मोजून ठेवा, नाहीतर तुमची पाचवी झुळूक त्या दिवशीच्या तिसरीसारखी होईल.

वायफळ
आर्द्रता! शेवटी विषय एसीवर आलाच.

ठोकळेबाज
माझं मत अजून बदललेलं नाही. मात्र काल पाऊस थांबल्यावर मीही झाडाखाली जाऊन उभा राहिलो. वीस मिनिटं. वारा पडलेला. शेजाऱ्याने दोनदा विचारलं, काका, किल्ली हरवली का?

तीन दिवस कुठले, ते सांगून ठेवा.

पागोळी
ठोकळेबाजकाका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. उद्या सकाळी पहिला पाऊस भरतोय. एका कोपऱ्यातली पानं झुळूक नसतानाही मधूनच गळतात, कारण सापडलं नाही. तशीच ठेवलीत.